पाठ

गुरुवारी साडेसहाला मी लीजनचा हॉल उघडते.
शिळ्या बिअरचा वास, भिंतीवर गेलेल्यांचे फोटो,
बाहेर नदी अजून बर्फाखाली.
ओरोमोक्टोत मार्च असाच,
वसंत फक्त कॅलेंडरवर.

फरशीवर पिवळ्या टेपच्या फुल्या चिकटवते:
इथं नावाडी, इथं पोस्टमास्तरीण, इथं गाय.
गाय दोघांची मिळून आहे. मागचे पाय सतत कुरकुरतात.

बावीस वर्षं मी शाळेची बस चालवली.
जे काही नाटक येतं ते त्या आरशात शिकले:
मागच्या बाकावर कोण गप्प झालंय,
कोण हसतंय उगाच मोठ्यानं,
कुणाचा बाबा काल पुन्हा तैनातीवर गेला.

पहिला नियम सांगितला, सगळे सांगतात तोच:
प्रेक्षकांकडे पाठ करायची नाही.
गॅलंट म्हणाला, आणि दाराकडे?

चौपन्न वर्षांचा माणूस,
कंदाहारला सुरुंग निकामी करायचा.
डाव्या कानानं ऐकू येत नाही,
आणि खुर्ची निवडतो ती दार दिसेल अशीच,
चर्चमध्ये, न्हाव्याकडे,
स्वतःच्या स्वयंपाकघरातसुद्धा.

आमच्या हॉलचं दार रंगमंचाच्या मागं.
दोन गुरुवार तो भिंतीला टेकून उभा राहिला.
तिसऱ्या गुरुवारी मी फुल्या उपटल्या,
आख्खं नाटक फिरवलं.
नदी पूर्वेला नेली, धक्का खिडकीखाली,
खुर्च्या दाराच्या बाजूला.
आता येणारा प्रत्येक माणूस त्याला आधी दिसेल.
मुलं वैतागली. पाठ झालेलं सगळं उलटं झालं,
डावं उजवं, उजवं डावं,
गाय तर आठवडाभर मागं मागंच चालत होती.

मग पत्र्याचं झालं.
वीज कडाडते तिथं एक पत्रा हलवायचा,
तो कुणीतरी न सांगता हलवला.
गॅलंट टेबलाखाली.
कुणी हसलं नाही.
गायीचे मागचे पाय, अँसेल्म त्याचं नाव, वय नऊ,
तेही सरपटत टेबलाखाली गेले,
आणि तिथंच बसून दोघांनी एक सफरचंद संपवलं.
पुढच्या गुरुवारी गॅलंटनं पत्रा मागून घेतला.
म्हणाला, आवाज माझ्या हातात दे.

गोष्ट मुलांनीच रचलेली: पूर येतो,
सगळं गाव एका होडीत,
कुणी काय बरोबर घ्यायचं यावरून भांडण.
नावाडी प्रत्येकाला विचारतो, तू कुठला, तू कुठली.
मिरेलीचं उत्तर तीन शब्दांचं:
मी इथलीच आहे.
अकरा वर्षांची मुलगी, ही सहावी शाळा.
बाकीचं सगळं तोंडपाठ,
आणि इथं आली की ओठ मिटलेले.
मी चार गुरुवार शब्द पुरवले. तिनं घेतले नाहीत.
पाचव्यांदा नावाडीच म्हणाला, संहितेत नसलेलं,
त्या खरखरीत आवाजात:
बस मग. उतरताना सांग.

ते तसंच ठेवलं.

एप्रिलच्या शेवटी प्रयोग. नदी तोवर खरीच फुगलेली,
निम्मे प्रेक्षक गमबूट घालून.
पहिल्या रांगेत एका खुर्चीवर
पिठाच्या डब्याला टेकवलेला फोन,
त्यात मिरेलीची आई, लाटव्हियात, रात्रीचा दीड,
हेल्मेटनं चपटे झालेले केस.

होडी लागली. एकेक जण उतरला.
मिरेली मागं राहिली, पाय धक्क्यापर्यंत पुरेनात.
हे तालमीत कधी झालं नव्हतं.
गॅलंट वळला.
आमच्याकडे, खुर्च्यांकडे, दाराकडे
सगळी रुंद पाठ करून
त्यानं दोन्ही हात पुढं केले.
कुणीतरी उशिरा आलं, दार वाजलं.
तो हलला नाही.

तिनं उतरता उतरता काहीतरी सांगितलं,
त्याच्या उजव्या कानात.
प्रेक्षकांना ऐकू गेलं नाही. मलाही नाही.
शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे,
हा माझा दुसरा नियम.

नंतर खुर्च्या रचताना म्हणाला,
मी पाठ केली प्रेक्षकांकडे. चुकलंच.
मी म्हटलं, हो. तो पत्रा कपाटात ठेव.